सात बाटल्या आणि माझं नाक

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार (कंबर धरल्यामुळे अर्धाच, उरलेला समक्ष भेटीत). तुझे गुडघे आणि भावजींचा राग, दोन्ही आटोक्यात असतील अशी आशा आहे. आम्ही इकडे मजेत, म्हणजे ही मजेत आणि मी संकटात. माझं नाक गेलं. जागेवर आहे, चष्माही त्यावर नीट बसतो (चाळीस वर्षं लोकांच्या नाकांवर चष्मे बसवले, एवढं मला कळतं), पण वास येणं बंद झालं. हिला यातलं अक्षर सांगितलेलं नाही, तूही बोलू नकोस.

झालं असं, की चष्म्यांचं दुकान विकल्यापासून मी दिवसभर घरात, आणि मी घरात असलो की हिला घर लहान वाटायला लागतं. म्हणून सहा वर्षांनी मेणबत्त्यांचा उद्योग पुन्हा काढला. आपण दोघं करायचो तेव्हा मेण माझं आणि अक्कल तुझी होती. या खेपेला नुसतं मेण होतं. माळ्यावरून सुगंधाच्या त्या सात बाटल्या खाली काढल्या. बुचं घट्ट, तुझ्या अक्षरातल्या चिठ्ठ्या जशाच्या तशा: गुलाब, व्हॅनिला, पुदिना, एकीवर ‘बहुधा लव्हेंडर’. आणि सगळ्या काठोकाठ भरलेल्या! सहा वर्षांत थेंब उडाला नाही. घर असं सांभाळावं म्हणून मी हिचं तोंडभरून कौतुक केलं, तर ही लगबगीने आत निघून गेली (कौतुकाची सवय नाही बिचारीला).

सोया मेणाच्या चकत्या गरम पाण्यात भांडं ठेवून वितळवल्या, थर्मामीटर बुडवला, जॅमच्या रिकाम्या बरण्यांत वाती मधोमध उभ्या केल्या, ओतलं, आणि तू शिकवलंस तसं दोन आठवडे हात लावला नाही. मग गुलाबाची पेटवली. वास नाही. पुदिन्याची पेटवली. नाही. वाटलं, माल जुना झाला; पुढच्या खेपेला सुगंध दुप्पट घातला. त्या मेणबत्त्यांना घाम फुटला, वास काही फुटेना. उरलेलं मेण रागाने बेसिनमध्ये ओतलं, तर ते नळीत जाऊन गोठलं. प्लंबरने अर्धा दिवस घालवून गोळा ओढून काढला. मी तो अभिमानाने त्याच्या नाकाखाली धरला. तो म्हणाला, “काका, याला कसलाच वास नाही.” आयुष्य गटारं उपसण्यात गेलेल्या माणसाचं नाक शाबूत कसं राहणार? मला त्याची फार कीव आली.

कीव माझी मला करावी लागली ती नंतर. खालच्या शिंपीकाकांना एक बरणी दिली, त्यांनी डोळे मिटून एवढा श्वास ओढला की सदऱ्याची बटणं ताणली, आणि गुलाबाने घर भरून गेलं म्हणाले. वरच्या मास्तरीणबाईंना व्हॅनिलाने म्हणे भूक लागली. शेवटी हिला वाचनालयात जातो सांगून कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी नळी घालून पाहिलं, नाक ठणठणीत आहे म्हणाले. मी भेट म्हणून लव्हेंडरची बरणी पुढे केली, तर मास्क न काढताच म्हणाले, वा, काय सुगंध! त्यांना मास्कमधून येतो आणि मला उघड्या नाकाने येत नाही. तिथे माझा धीर खचला. तसा सकाळी चहा कळतो, कांदाही कळतो, पण तो जन्मभराच्या सवयीने कळत असणार. ताई, खरं सांगतो, मला भीती वाटते. ही खोलीत आली की मान वर न करता मला कळायचं. तेवढं जाऊ नये, बाकी काय जायचं ते जाऊ दे.

भावजींना नमस्कार.

तुझा धाकटा

ता. क. चार दिवस राहायला ये. माझ्या शेजारी बसून एकेक बाटली हुंग आणि काय येतं ते कानात सांग. लोकांचं खोटं असेल, तुझं असणार नाही.

ता. क. २ पाकीट चिकटवून पोस्टात टाकायला हिच्याकडे देतोय. वाचू नकोस, अशी सक्त ताकीद दिली आहे.

ताई, नमस्कार. मी पत्र वाचलं नाही, ते फक्त नजरेखालून गेलं. ह्यांच्या नाकाला काही झालेलं नाही. तुम्ही उद्योग बंद केलात त्याच वर्षी मी फरशीच्या बादलीत दोन-दोन थेंब घालू लागले आणि सातही बाटल्या संपवल्या. रिकाम्या पाहून ह्यांना वाईट वाटेल म्हणून स्वयंपाकाचं साधं तेल भरून ठेवलं. हे पुन्हा माळ्यावर चढतील असं स्वप्नातही वाटलं नव्हतं. गेला महिनाभर हे उगाच माझ्या जवळपास घोटाळतात, मला वाटलं, दुकान विकल्यावर माणूस मऊ झालं. आता कळतंय, आणि मलाच भरून येतंय. पण समोर उभं राहून सांगायची माझी छाती नाही. तेव्हा तुम्ही याच, आणि येताना सातही सुगंध बॅगेत लपवून आणा. हे आंघोळीला गेले की मी बाटल्या बदलते. ह्यांना वास आला की तुम्ही दचकल्यासारखं करा, आनंद होऊ द्या माणसाला. पुदिन्याच्या मात्र दोन आणा. एक फरशीसाठी.