ब्लेड टाकण्याआधीची हाक

२८ नोव्हेंबर
राळेगावला एसटीतून उतरले, तर विमलताई स्वतः स्कूटी घेऊन हजर! त्या शेतकरी कंपनीच्या अध्यक्ष, आणि आजपासून मी त्यांच्या जिनिंगची, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याची, यार्ड सुपरवायझर. आमच्या घरातली पहिली पदवी आणि पहिली नोकरी. आई निघताना रडली, बाबा उगाच पेटीचं कुलूप तपासत राहिले.
राहायला यार्डातलीच खोली मिळाली. पत्र्याचं एकच दार, गजांची एक खिडकी. समोर कापसाची गंजी, दुमजली घराएवढी. बायका डोक्यावरून गाठोडी वाहतात. त्यांतल्या जमनी नावाच्या एकीची मान एका बाजूला कललेली आहे. विचारलं, तर म्हणाली, "ओझ्यानं झाली बाई, आता तिरपंच जग दिसते." सगळ्या हसल्या. मला हसता आलं नाही. हे वाहणं मी बंद करणार.

३ डिसेंबर
विमलताईंना पटवलं. बर्फाच्या देशात ट्रॅक्टरमागे आडवं ब्लेड लावून रस्ते मोकळे करतात, ते व्हिडिओ दाखवले. आमचा बर्फ म्हणजे कापूस. ड्रायव्हर पूनमसिंगभाऊ, जमनीचा भाऊ, म्हणाले, "बर्फ तं आपुन फक्त गोल्यातच पायला, ताई."
ब्लेड सात फुटी घेतलं. सहा फुटी तिरकं केलं, की चाकाची वाट उघडी राहते. खाली रबराची पट्टी, आणि जमिनीपासून बोटभर वर राहील असे टेकू. फरशी खरवडली तर खडा कापसात जातो, मशीनमध्ये ठिणगी पडते.

६ डिसेंबर
ब्लेड सुरू! तिरकं लावलं, की कापूस एका कडेला सरतो. उलटं फिरवून ट्रॅक्टर मागे घेतला, की गंजी उंच चढते. मीही शिकले. जागा वाचावी म्हणून गंजी माझ्या खोलीपर्यंत आणली. दार मोकळं राहिलं म्हणजे झालं.
इथली एक रीत मला फार आवडली. थंडीत कोणी उबेला कापसात शिरून झोपतं, म्हणून ब्लेड टाकण्याआधी हाक द्यायची: "कोनी हाय का अंदर?" उत्तर आलं, तर ट्रॅक्टर जागचा हलवायचा नाही. कापसावर चढताना चपला काढायच्या, हीही रीत.

१० डिसेंबर
आज उत्तर आलं.
बाईचा आवाज, खोल, दबलेला. थांबा, मी आत आहे, असं काहीसं. आणि पत्रा बडवल्याचा आवाज. सगळ्यांनी हातांनी कापूस उपसला. आत कोणी नाही. पत्राही नाही.

११ डिसेंबर
पुन्हा तेच. पुन्हा उपसणं. गाड्यांची रांग सडकेपर्यंत गेली. विमलताई फोनवर म्हणाल्या, की ब्लेड उभंच ठेवायचं होतं, तर घेतलं कायले? आणखी एक दिवस असाच गेला, तर ते परत जाणार. मग बायका पुन्हा ओझ्याखाली, आणि मी परत घरी, नेरला.

१२ डिसेंबर
मी सगळ्यांना समजावलं. शेडच्या पत्र्यावरून आवाज घुमतो, दुसरं काही नाही. हाक द्या, पण उत्तराला थांबू नका. जमनीला पटलं नाही. म्हणाली, "कोनी असन तं?"
दुपारी पुन्हा उत्तर आलं. पूनमसिंगभाऊ सीटवरून उतरले. मग मीच बसले, ब्लेड उलटं केलं आणि गंजी चढवली. काही झालं नाही. आज पत्रा वाजला नव्हता, एवढाच फरक.

१२ डिसेंबर, संध्याकाळ
जमनी घरी गेलेली नाही. गंजीच्या मागल्या बाजूला तिच्या चपला. नीट, जोडीनं काढलेल्या.
ती बघायला आत गेली होती. उत्तर तिनं दिलं. मी ते ऐकलं होतं —

१५ डिसेंबर
पोलिसांनी पूर्ण गंजी उपसली. जमनी नाही. मी ठाण्यात सगळं खरं सांगितलं. साहेब म्हणाले, बाई तिथं नाहीच, तर मेली कशी? गावात म्हणतात, गेली असेल कुठं. पूनमसिंगभाऊ माझ्याकडे बघत नाहीत.
बाबांनी परत बोलावलं. कशी जाऊ? ती सापडेपर्यंत नाही.

१८ डिसेंबर
नवा कापूस आला. गंजी पुन्हा खोलीपर्यंत. मी ब्लेड बंद करायला सांगितलं. कोणी ऐकलं नाही. बायकाही नाही — त्यांच्या डोक्यावरचं ओझं गेलंय.
आता हाकेआधीच उत्तर येतं. बाई. पत्रा.
कुणी थांबत नाही. मीच शिकवलं.

१९ डिसेंबर
उशीवर कापूस. घशात तंतू. खोकले, तर सरकी पडली.

२० डिसेंबर
सकाळ झाली असावी. फोनवर तसं दिसतंय, पण रेंज नाही. खिडकी पांढरी. दारही उघडत नाही — गंजी सरकली असेल. गजांतून कापूस आत येतोय. हळूहळू, कुणी मागून ढकलल्यासारखा.
ट्रॅक्टर सुरू झाला. हाकेची वाट बघतेय. हाक येईलच, रीतच आहे.

आली. पूनमसिंगभाऊ. मी ओरडले, थांबा, मी आत आहे. दोन्ही हातांनी दार बडवलं. पत्रा —
हा आवाज. दहा तारखेला हाच — मीच होते —

बाहेर कुणीतरी विचारलं, काहून, थांबायचं का? भाऊ म्हणाले, रोजचंच हाय, ताईनंच सांगतलं, थांबू नका.

माझ्यामागे कोणीतरी मान तिरपी करून

पुन्हा ओरडते. ब्लेड खाली येत