शेवटून दुसऱ्या भागानंतर

अहो,

दूध तापवलंय, निवलं की फ्रीजमध्ये ठेवा.

काल त्या हेरांच्या मालिकेचा शेवटून दुसरा भाग संपल्यापासून तुम्ही लोकांच्या कमेंट वाचून दाखवत होता. ती बाई घरी न सांगता कामगिरीवर गेली म्हणून सगळे तिच्यावर तुटून पडलेत. तिच्या जागी पुरुष असता तर डोक्यावर घेऊन नाचले असते. तुम्हीही लिहिलंत, ‘अशा बाईने लग्नच करू नये.’ शंभर लाइक मिळाले म्हणून कोण आनंद झाला तुम्हाला!

मी वाद घातला नाही, कारण मी बॅग भरत होते. गेल्या आठवड्यात आमच्या लॅबच्या मॅडमचा माझ्यासाठी आलेला फोन तुम्ही उचललात आणि “महिनाभर ट्रेनिंगला? तिला नाही जमायचं,” असं परस्पर सांगून मोकळे झालात. आज सकाळी मीच फोन करून सांगितलं, जमतंय.

आईंच्या गोळ्या वेळेवर द्या, तुमच्याच आई आहेत त्या. शेवटचा भाग खुशाल माझ्याशिवाय बघा. लोक काय म्हणतात ते मात्र मला फोनवर ऐकवू नका.

काल त्या हेर बाईला तुम्हीच म्हणालात, “जायचं तर जा, पण निदान चिठ्ठी तरी ठेवून जायचं!”

हेराला ते जमत नसतं. मी ठेवलीये.