फाउललाही टाळी

बाबा, यंदाचं वर्ष अगदीच साधं गेलं माझं. गेल्या वर्षी मी डिझाइन केलेल्या लायब्ररीच्या इमारतीला मोठं बक्षीस मिळालं, तेव्हा फोनला उसंत नव्हती. आता भेटेल तो विचारतो, "मग, नवीन काय?" आणि सांगण्यासारखं काही नसतं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण असं कुणी विचारलं की अजून तुम्हीच हवे असता.

नव्वदच्या दशकातले आपले ते दोन उन्हाळे आठवतात. नेपरव्हिलच्या घरून ट्रेन पकडून आपण शिकागोला बेसबॉल बघायला जायचो. तुमच्या मांडीवर फॉइलमध्ये गुंडाळलेल्या चटणी-पोळ्या, आणि कुणी बघत तर नाही ना म्हणून माझी मान खाली. पहिल्या उन्हाळ्यात आपल्या टीमचा तो हिटर असा पेटला होता की सगळीकडे त्याचंच नाव. तुम्ही जन्मभर क्रिकेट पाहिलेले. त्याच्या बॅटला लागून बॉल मागे प्रेक्षकांत गेला, म्हणजे बेसबॉलमध्ये फटका फुकटच, आणि तुम्ही उभं राहून टाळ्या पिटायला लागलात. अख्ख्या रांगेत एकटेच!

"बाबा, सिट डाउन! इट्स अ फाउल!"

"अगं, सीमेपार गेला ना? चार रन तरी द्या बिचाऱ्याला!"

पुढच्या रांगेतले लोक वळून हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याच वर्षी मी शाळांच्या राज्य स्पर्धेत धावण्यात पहिली आले होते. ते मेडल तुम्ही टीव्हीच्या कोपऱ्याला टांगलं होतं, म्हणजे मॅच बघायला आलेल्या काका-काकूंच्या नजरेतून सुटायला नको.

दुसऱ्या वर्षी त्याच शर्यतीत मी कुठेतरी मधे आले. आई जरा जास्तच गोड वागायची, त्याचाच मला राग यायचा. मग तो उन्हाळा, तेच स्टेडियम, त्याच पोळ्या. हिटर तसा वाईट खेळत नाहीये, पण लोकांना गेलं वर्षच परत हवंय. तो चुकला की हुर्यो उडवतायत. तेवढ्यात बॉल बॅटला लागून पुन्हा मागे जातो, आणि तुम्ही उभं राहून टाळ्या वाजवता. एव्हाना खेळाचे नियम तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक.

शेजारचा माणूस हसून सांगतो, "दॅट्स अ फाउल, सर."

"आय नो," तुम्ही म्हणता, आणि खाली बसून माझ्याकडे न बघता, "एवढं मोठं वर्ष झालं की पुढचं लहानच दिसतं गं. फिरवतोय ना अजून बॅट?"

"बाबा, आर यू टॉकिंग अबाउट मी?"

"तू पोळी खा."

मी खाल्ली. त्या दिवशी मान वर करून खाल्ली.

परवा त्याच स्टेडियममध्ये एकटीच गेले होते. आताचा हिटर कोण, मला धड माहीतही नाही. त्याचा बॉल मागे गेला आणि मी उठून टाळ्या वाजवल्या. शेजारची बाई बघतच राहिली.

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकणार? राहील इथेच, टेबलाच्या खणात. पण तुम्हाला म्हणून सांगते, त्या टाळ्या काही त्या हिटरसाठी नव्हत्या. वाजवून झाल्यावरही मी जरा वेळ उभीच राहिले, शेजारून आणखी एक टाळी ऐकू येते का बघत.