उतरून राहिलो

बाळापूर, श्रावण वद्य पंचमी, गुरुवार

चंद्रावरच्या सफरीची माझी गोष्ट आज पुण्याच्या मासिकाकडून परत आली. संपादकांना कल्पना आवडली, बोली नाही. चंद्रावर पाय ठेवताना माझा पातूरचा शेतकरी विमानातल्या सोबत्याला म्हणतो, "मी उतरून राहिलो." संपादक विचारतात, उतरून तिथेच राहिला, तर पुढच्या पानावर पातूरच्या बाजारात कसा? आमच्याकडे 'उतरून राहिलो' म्हणजे 'उतरतो आहे', हे त्यांना कोण सांगणार? शुद्ध भाषेत लिहून पाठवा, छापू, म्हणतात.

छापून यावी असे फार वाटते. पन्नाशी आली, आणखी किती वाट पाहायची? 'उतरतो आहे' असे लिहिलेही. वाचून पाहिले, तर उतरणारा कोणी परकाच.

हिला ऐकवले. वाती वळता वळता म्हणाली, "अजी, चंद्रावर जातानी तो आपली बोली घरीच ठेवून गेला काय?"

देवापुढे मी रोज याच बोलीत बोलतो. शुद्ध करून आण, असे त्याने कधी म्हटले नाही. मग यांनी का म्हणावे?

खोडलेले पुन्हा लिहिले. उद्याच्या टपालाने गोष्ट तशीच जाईल, अर्थ मात्र समासात लिहून. छापोत, न छापोत. माझा माणूस उतरून राहिला.