उजव्या हाताचं वाद्य

ता. ४ सप्टेंबर

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

(आई मागे उभी होती म्हणून वरचं एवढं नीट लिहिलं. आता ती गेली.)

आमच्या शाळेत बँड निघतोय! कुठला तरी जुना बँड बंद पडला आणि त्यांची सगळी वाद्यं शाळेने घेतली. काल ती टेम्पोतून आली. खोकी उघडल्यावर, बाबांच्या दुकानात सायकलच्या जुन्या चेनी तेलात बुडवून ठेवलेल्या असतात ना, तस्सा वास सुटला. शिकवणाऱ्या बाई नवीन आहेत. त्या बुटाच्या टाचेने ठेका धरतात, त्यामुळे पहिल्याच तासाला त्यांचं नाव टकटकबाई पडलं.

ज्याला जे आवडेल ते त्याने वाजवून बघायचं आणि महिनाअखेर नाव द्यायचं. माझी पाळी आली तेव्हा टकटकबाईंनी माझ्या उजव्या हाताकडे बघितलं, मग घाईघाईने खिडकीकडे बघितलं आणि एक लोखंडी त्रिकोण माझ्यापुढे धरला. म्हणाल्या, हे तुला छान जमेल. मावशी, मला जे काही मिळतं ते हे तुला जमेल असं म्हणूनच मिळतं. खेळाच्या तासाला मला शिट्टी देतात. गेल्या वर्षी नाटकात मला झाड केलं होतं. बरं, झाडाला फांद्या तरी असतात. मी नुसता बुंधा होते.

त्रिकोण मी परत केला, अगदी आभार मानून. दातांच्या डॉक्टरांची मुलगी, माझ्या शेजारी बसते ती, तिने आडवी बासरी पटकावलीय. मीही ती हातात घेऊन पाहिली. पण माझी मधली तीन बोटं पहिल्याच पेरापाशी संपतात आणि बासरीला नेमकी तीच हवी असतात. मग एका खोक्यात हॉर्न सापडला. पितळी वेटोळं, पोट भरून झोपलेल्या अजगरासारखं. आणि गंमत ऐक, त्याच्या कळा डाव्या हाताने दाबायच्या! उजवा हात कर्ण्याच्या तोंडात घालून ठेवायचा. मनगटापर्यंत आत, बाहेरून काहीच दिसत नाही. जणू माझ्यासाठीच बनवलंय. मी तेच घेणार.

आईला सांगितलं तर ती म्हणाली, बघू. आईचं बघू म्हणजे काय ते तुला माहीतच आहे.

उत्तर लगेच पाठव. आणि माया आहे तेवढी राहू दे, कमी करू नकोस.
तुझी,
भिंगरी

---

ता. ११ सप्टेंबर

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र मी डब्यासोबत क्रेनवर नेलं आणि वर केबिनमध्ये बसून वाचलं. बुंधा वाचून एवढी हसले की खालच्या मुकादमाला वाटलं वर काहीतरी बिघडलंय, त्याने हात हलवून विचारलंसुद्धा. इथे बंदरात सध्या मोठमोठी यंत्रं उतरताहेत. दिवसभर लिव्हर ओढून खांदे भरून येतात. घरी आल्यावर कपही दोन्ही हातांनी उचलावा लागतो. म्हातारी झाले गं तुझी मावशी. पण हे तुझ्या आईला सांगू नकोस, नाहीतर ती मला नोकरी सोडायला लावेल.

हॉर्नबद्दल तू छान लिहिलंस. तो कसा दिसतो ते कळलं, कळा कुठे असतात ते कळलं, तुझा हात कुठे जातो तेही कळलं. फक्त एक राहून गेलं. त्याचा आवाज कसा आहे? पत्र उलटून पाहिलं, मागच्या बाजूलाही नव्हतं. पुढच्या वेळी तेवढं लिही.

अभ्यास कर, पण बँडपेक्षा जास्त नको.
तुझ्यावर जीव असलेली,
मावशी

---

ता. १५ सप्टेंबर

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

तू पोरीला काय लिहिलंस कोण जाणे. पत्र वाचल्यापासून गाल फुगवून बसलीय. मी विचारलं तर म्हणाली, मावशीला काही कळत नाही. तुझ्याबद्दल हे तिच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं, एरवी ते मला ऐकावं लागतं.

तुला स्पष्टच लिहिते, तिला फार चढवू नकोस. बँड म्हणजे स्टेज आलं, स्टेज म्हणजे समोर बसलेली माणसं. दुकानात सुटे पैसे तिच्या हातावर ठेवताना वाणी एक क्षण अडखळतो, तो क्षण मी रोज बघते. तिलाही कळतो. वर्गाच्या फोटोत ती उंच असूनही बसलेल्या रांगेमागे लपलीय आणि हात खिशात. हॉर्न घेतेय म्हटल्यावर मी आधी नाही म्हणणार होते. पण त्यात हात झाकला जातो हे कळल्यावर मला बरंच वाटलं, खोटं कशाला सांगू.

आता घरी सराव चालतो, न्हाणीघरात. कारण तिथे आवाज घुमतो म्हणे. वरच्या मजल्यावरच्या निवृत्त पोस्टमास्तरांनी काल येऊन काळजीने विचारलं की नळाला हवा धरलीय का, माणूस पाठवू का. हे म्हणाले, नको, नळ अजून लहान आहे, शिकेल हळूहळू. दोघं दारातच हसत उभे राहिले. पोरगी मात्र हसली नाही. सराव झाला की हॉर्न पेटीत ठेवते, दप्तर आवरते तसं, आणि पुन्हा त्याच्याकडे वळून बघत नाही. हवं ते मिळाल्यावर माणूस असं वागतं का?

तुझे खांदे दुखतात हे मला कळलंय. कसं कळलं ते विचारू नकोस.
आठवण ठेव,
ताई

---

ता. २१ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

ती चहाडखोर मला भेटू दे, मग बघते तिच्याकडे.

ताई, रागावू नकोस, पण एक लिहिते. मी उन्हाळ्यात आले होते तेव्हा दोरीवर तिचे फ्रॉक वाळत होते. प्रत्येकाची उजवी बाही डावीपेक्षा लांब. तुझ्या हाताला शिवणात चूक होत नाही, म्हणजे ते मुद्दाम आहे. मायेनेच केलंस, मला का कळत नाही? पण ती रोज अंगात तो फ्रॉक घालते, तेव्हा तिलाही कळतच असेल ना, की आपल्या हाताला झाकावं असं आईला वाटतं.

मी तिला काहीही चढवलेलं नाही. वाद्याचा आवाज कसा आहे एवढंच विचारलं. त्यावर तिला राग आला, म्हणजे तिच्याकडे उत्तर नसणार. थोडं थांब. तिची ती शोधेल.

तू यावर चिडलीस तर खुशाल चिड. पण पत्र लिहायचं बंद करू नकोस, एवढं माझ्यासाठी कर.
धाकटी

---

ता. २४ सप्टेंबर

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

मी तुझ्यावर रागावले होते. आता नाहीये. खांद्यांचं चुकून तोंडातून निघालं, माफ कर.

हॉर्नचा आवाज चांगला आहे. टकटकबाईंनी वाजवून दाखवला तेव्हा फारच चांगला होता, लांबून कुणीतरी हाक मारावी तसा. पण मला ती हाक माझी वाटत नाही. मी वाजवत असते आणि घड्याळ बघत असते.

आता खरी गोष्ट. सगळ्यात लांब पेटी कोपऱ्यात पडून होती. आठवीतल्या एका धिप्पाड मुलाने ती नेली होती आणि जड आहे म्हणून परत आणून ठेवली. सोमवारी बाकीचे गेल्यावर मी ती उघडली. आत ट्रॉम्बोन होता. त्याला कळाच नाहीत! एक लांब नळी असते, ती पुढे-मागे सरकवायची. नळीवर कुठे खूणसुद्धा नाही, कुठे थांबायचं ते आपल्या कानाने ठरवायचं. मी फुंकलं आणि नळी पुढे ढकलली, तर आवाज असा घसरत घसरत खाली गेला, जणू एखादी जाडजूड बाई जिन्यावरून बसल्या बसल्या खाली आली. मी एकटीच हसायला लागले. मग परत केलं. मग परत. शिपाईकाका खोली बंद करायला आले आणि दारातच ऐकत बसले. म्हणाले, अजून एकदा ती बाई पाडून दाखव. म्हणजे त्यांनाही तीच दिसली!

पण मावशी, नळी उजव्या हाताने सरकवायची असते. अंगठा, करंगळी आणि मधले खुंट मिळून ती नीट धरता येते, ते मी पाहिलं. धरण्याची अडचण नाही. पण हात सगळ्यांच्या पुढे असतो, सारखा पुढे जातो, मागे येतो. बँडमध्ये एवढं हलणारं दुसरं काहीच नाही, त्यामुळे जो तो तिकडेच बघणार. मी तो पेटीत ठेवला, कड्या लावल्या. पण तेव्हापासून गणिताच्या तासालाही तोच वाजतोय डोक्यात.

नावं शुक्रवारी द्यायची होती. टकटकबाई पुढच्या शुक्रवारपर्यंत थांबणार आहेत. तू असतीस तर काय केलं असतंस? आईला सांगू नकोस. वाट बघतेय, खूप म्हणजे खूप.
तुझी,
भिंगरी

---

ता. २८ सप्टेंबर

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वेळेत पोचावं म्हणून घाईत लिहितेय, अक्षराला हसू नकोस.

मी क्रेनवर पहिल्यांदा चढले त्या दिवशी खाली ही गर्दी. हमाल, कारकून, चहावाला, जहाजावरचे खलाशी, सगळे माना वर करून उभे. बाई क्रेन चालवणार म्हणजे काहीतरी पडणार, ते चुकायला नको! त्यांच्याकडे बघण्याच्या नादात माझी शिडीची पहिली पायरीच चुकली. मग काम सुरू झालं. लोखंडी तुळयांचा गठ्ठा दोरांवर लोंबकळत होता आणि तो सांभाळून उतरवायचा होता. त्यात मी खालच्यांना विसरले. आणि गठ्ठा डोक्यावरून जायला लागल्यावर तेही मला विसरले, त्याच्याकडेच बघत बाजूला झाले.

दुसऱ्या दिवशीही आले होते. खोटं सांगत नाही, कितीतरी दिवस येत होते. त्रास व्हायचा. घरी येऊन रडलेही आहे. तुलाही बघतील. त्यातले काही वाईट बघतील. बघणार नाहीत असं मी तुला सांगणार नाही.

कुठलं वाद्य घे हे मी सांगणार नाही, ते तुझ्या कानाचं काम आहे. पण तुझं ट्रॉम्बोनचं पत्र मी केबिनमध्ये, जेवणाच्या सुट्टीत, आणि इथे कँटीनच्या आचाऱ्याला ऐकवताना, असं परत परत वाचलं. हॉर्नचं पत्र एकदाच वाचलं होतं.

आईला मी सांगणार नाही. तू सांग.
तुझी,
मावशी

---

ता. ६ ऑक्टोबर

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

नाव दिलं! ट्रॉम्बोन!

आधी आईला सांगितलं. ती इस्त्री करत होती. बाबांचा शर्ट इस्त्री करून घडी घातली, मग तोच उलगडून परत इस्त्री केली. मग मला विचारलं की ते वाजवताना कुठला हात मोकळा लागतो. मी उजवा म्हटलं. ती आत गेली. संध्याकाळी बघते तर माझ्या शाळेच्या फ्रॉकची उजवी बाही कोपराच्या वर आली होती. नळीत अडकेल म्हणून, असं म्हणाली. डोळे लाल होते, पण ते कांद्याने असतील असं आम्ही दोघींनी ठरवलं.

टकटकबाईंनी मात्र आधी नाही म्हटलं. जड आहे, हात पुरणार नाही, वगैरे. मी म्हटलं, एकदा ऐका. त्यांनी ऐकलं. मग त्या म्हणाल्या की फुंकणं कच्चं आहे, खांदे वर जातात, सूर भलतीकडे थांबतो, रोज सराव लागेल. मावशी, एवढ्या चुका त्यांनी त्रिकोणाच्या वेळी काढल्या नव्हत्या.

बाबांनी नळीच्या दांडीला सायकलच्या हँडलचं रबर चढवून दिलंय, घाम आला तरी हात निसटत नाही. रबर हिरवं आहे. दुकानात तेवढंच शिल्लक होतं. पण नळी पूर्ण लांब करायला माझा हात खरोखरच पुरत नाही. बुधवारी जोर लावला तर ती सुटूनच गेली आणि समोरच्या ढोलावर जाऊन आदळली. ढोलवाल्याला वाटलं आपलीच पाळी आली, त्याने वाजवायला सुरुवात केली. सगळे हसले. मीपण. नळीला थोडा पोचा आलाय. बाबा म्हणतात निघेल.

कार्यक्रम पुढच्या महिन्यात आहे. तू येशील ना?
तुझी घसरणारी,
भिंगरी

---

ता. २० नोव्हेंबर

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

जहाज आडवं आलं म्हणून तुला सुट्टी मिळाली नाही, त्याचं पोरीला वाईट वाटलं. पण तुझी तार वाचून ती तिने पेटीच्या आत चिकटवलीय. आता कालचं सविस्तर लिहिते, नाहीतर तू मला जगू देणार नाहीस.

शाळेचं सभागृह भरलं होतं. आम्ही दुसऱ्या रांगेत. पडदा उघडला. ती पुढच्याच ओळीत, टोकाला. आखूड बाही, हिरवं रबर, सगळं लखलखीत दिव्यात. पहिलं गाणं सुरू झालं आणि आमच्या पुढे बसलेल्या एका छोट्या मुलाने अख्ख्या सभागृहाला ऐकू जाईल असं विचारलं, की त्या ताईची बोटं कुठे गेली. त्याच्या आईने त्याला दाबायला बघितलं. माना वळल्या. धाकटे, मला उठून जावंसं वाटलं. हे माझा हात धरून बसले होते, तेही घट्ट. आणि पोरीला ऐकू गेलं होतं, कारण तिचे कान लाल झाले. पण गाणं चालू होतं आणि तिचा सूर यायचा होता, तो तिने दिला. थोडा कापरा, पण दिला. त्या मुलाने मग आणखी मोठ्याने विचारलं की ती नळी आता तुटणार का. त्यावर सगळेच हसले, तीही हसली असावी, कारण सूर मधेच फुसकन गेला.

दुसरं गाणं संथ होतं. त्यात ट्रॉम्बोनला एकट्याने वाजवायच्या थोड्या ओळी होत्या. ती उभी राहिली. काय वाजवलं म्हणून सांगू! आमच्या न्हाणीघरात महिनाभर रेकणारं जनावर ते हेच, यावर विश्वास बसेना. पोस्टमास्तर मागच्या रांगेत डोळे मिटून बसले होते. शेवटच्या ओळीआधी बासरीवाल्या मुलीचा छोटा तुकडा होता, तो पुरता संपायच्या जरासं आधीच ही शिरली. मग सावरलं.

परत येताना रस्ताभर ती पेटी स्वतः उचलून पुढे चालत होती, यांनाही हात लावू दिला नाही. हे आपले कौतुक करत होते, अप्रतिम, फारच सुंदर, असंच. माझ्या तोंडून मात्र निघून गेलं की शेवटच्या ओळीत तू घाई केलीस, बासरी संपायच्या आधीच शिरलीस. बोलले आणि जीभ चावली. आजवर त्या हाताने तिने काहीही केलं, वाकडं चित्र, उसवलेली शिवण, सांडलेलं दूध, मी छानच म्हणत आलेय. ती रस्त्यातच थांबली. पेटी खाली ठेवली. मला वाटलं, झालं, रडणार आता.

पण तिने माझ्याकडे बघितलं आणि तोंडभर हसली. म्हणाली, आई, म्हणजे तू ऐकत होतीस!

होते गं. दुसऱ्या गाण्यात मी दुसरं काहीच करत नव्हते.

मग घरापर्यंत ती माझ्याशी भांडत आली, की चूक बासरीची होती, तिने सूर लांबवला. मी म्हटलं, मुळीच नाही, चूक तुझीच. आज सकाळी उठल्या उठल्या ती ओळ मला परत ऐकवली आणि विचारलं, आता? मी म्हटलं, अजूनही किंचित लवकरच शिरतेस. आत्ता पुन्हा न्हाणीघरात गेलीय. बहुतेक मला बोलावेल, म्हणून इथेच थांबते.

सुट्टी मिळाली की ये, कानात कापूस घालून ये, पण ये.
तुझी,
ताई