घे, लेकरा

केंदूर
२४ ऑगस्ट २०२५

चि. विक्रम यास,
अक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

इकडं समदं खुशाल हाय. फोनवर तुझं निम्मं ध्यान दुसरीकडंच असतं, म्हणून आबांनी लावलेली पत्राची सवय मी काय सोडायची न्हाई.

आज पैलवानाचा शिक्रापूरचा क्लास झाला. तू दौंडवरनं टॉवेलात गुंडाळून आणलेलं पिल्लू आता वासराएवढं झालंय. शेजारच्या ललिताच्या छोटा हत्ती टेम्पोत तो बसला की मला जागाच उरत न्हाई. मैदानावर कंपनीतली सायेबलोकं कापसाच्या बोळ्यावानी कुत्री घेऊन येत्यात, आन् त्यांच्यात मी पदर खोचून उभी. पैल्या दिवशी त्यानं मला फरफटत पार चहाच्या टपरीपर्यंत नेलं. कोण कुणाला शिकवतंय, म्हणून लोकं हसून हसून बेजार.

शिकवणारे इनुसभाई कडक हाईत. गेल्या साली चोरांनी पावातनं विष घालून वस्तीवरची कुत्री मारली आन् मोटारीची केबल नेली, ते मी त्यांना सांगितलं. तवापासनं त्यांनी एकच धडा घोटून घेतला, मालकानं सांगितल्याबिगर कुणाच्या हातचं खायचं न्हाई. आता मी 'घे, लेकरा' म्हणाल्याशिवाय पैलवान भाकरीला शिवत न्हाई. लाळ गळती, पण तोंड लावत न्हाई. काल वस्तीवरच्या सखूबाईनं पेढा पुढं केला तर माझ्या तोंडाकडं बघत बसला. मला भरूनच आलं बघ. तुझे दाजी गेल्यापासनं ह्या घरात माझा शब्द झेलणारं कोण होतं?

मोनालीला आशीर्वाद. लोभ हाय तो पैलवानाच्या वजनावानी वाढत राहू दे.

तुझी अक्का


पाटस
२ सप्टेंबर २०२५

ती. अक्का हिस,
विक्रमचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मोनालीला वाचून दाखवलं. तिनं कपाळावर हात मारला. म्हणाली, वन्सं आता पुढच्या वर्षी त्याला टाय घालून कॉन्व्हेंटला धाडतील.

इकडं सोसायटीच्या निवडणुकीची धामधूम आहे. आनंदरावांच्या पॅनेलमध्ये माझं नाव लागावं म्हणून जिवाचं रान करतोय. रोज त्यांच्या फार्महाऊसवर हजेरी. माणूस मोठा शौकीन, दारात दोन घोडे आहेत. तुझ्या पैलवानाचा फोटो दाखवला तर मोबाईल हातातून सोडेनात.

एक काळजी मात्र डोक्यातून जात नाही. दिवाळीनंतर तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन. तेव्हा त्या धुडाला सांभाळणार कोण? तुझ्याशिवाय कुणी साखळीला हात लावला तर हात जागेवर राहायचा नाही. म्हणून मी इनुसभाईंना फोन केला, की त्याला परक्याबरोबर मुकाट चालायला शिकवा. त्याची तयारी झाली की १४ तारखेच्या रविवारी मी इकडून एक माणूस क्लासच्या मैदानावर पाठवतो. तू तुझ्या हातानं त्याच्याकडं साखळी दे आणि 'जा, लेकरा' म्हण. तू सांगितलंस तरच तो जाईल. तुझ्याच भल्यासाठी म्हणतोय, अक्का.

लोभ आहेच. भाऊबीजेच्या ताटात पुरणपोळी असेल तर दुप्पट.

तुझा
विक्रम


केंदूर
१४ सप्टेंबर २०२५

विक्रम,

आशीर्वाद लिहायला हात वळंना, म्हणून लिहिला न्हाई.

तुझा माणूस आला. मी माझ्या हातानं साखळी दिली. पैलवान मागं वळून बघाय लागला, तर मीच त्याची पाठ थोपटून 'जा, लेकरा' म्हणाले. त्या माणसानं त्याला घेऊन मैदानाला येक फेरी मारली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मीबी वाजवल्या. फेरी मारून तो माणूस फाटकाबाहेर गेला. मला वाटलं, हाबी धड्याचाच भाग असंल. पांढऱ्या गाडीचं दार लागल्याचा आवाज आला, तरी मी येडी हासतच होते.

ऊन डोक्यावर येईस्तोवर मी त्या मैदानात बसून राहिले. मग इनुसभाईंनी तुला फोन लावला. तू त्यांना म्हणालास, कुत्रं आनंदरावांना दिलंय, अक्काची समदी संमती हाय. ते माझ्या तोंडाकडं बघत राहिले. काय सांगू मी त्यांना? माझा सख्खा भाऊ खोटं बोलतोय म्हणून?

अरं, मागितला असतास तर न्हाई म्हणाले असते, तू चार दिवस रुसला असतास, मिटलं असतं. पर तू माझ्याच तोंडानं त्याला घालवलंस. त्याला वाटत असंल, अक्कानंच हाकललं. ह्ये मला सोसंना झालंय.

फोन करू नगंस. तुझा नंबर ललिताकडनं बंद करून घेतलाय.

सुलक्षणा


पाटस
१७ सप्टेंबर २०२५

ती. अक्का,
सा. न. वि. वि.

तिकडं निघालेल्या पप्पूच्या हाती पत्र देतोय, पोस्टाची वाट बघायला वेळ नाही.

चुकलो. कुत्रं आणलं होतं मीच, तेव्हा माझाही थोडा हक्क आहे असं मनात धरलं. तू नाही म्हणशील हे पक्कं माहीत होतं, म्हणून विचारलंच नाही. पण आता भांडायला वेळ नाही, अक्का. रविवारपासून पैलवानानं अन्नाला तोंड लावलेलं नाही. मटण ठेवलं, दूधभात ठेवला. नुसतं पाणी पितो आणि फाटकाकडं तोंड करून बसतो. डॉक्टर म्हणाले, दुखणं काही नाही.

तुझा तो खाण्याचा धडा मी साफ विसरून गेलो होतो. आठवला तेव्हा तुझे जुने व्हॉइस मेसेज शोधून त्यातला एक लावला. तुझा आवाज ऐकून तो ताडकन उठला, सगळं अंगण हुंगून आला, पुन्हा फाटकाशी जाऊन बसला. आनंदराव चिडलेत, मेलं तर तोंड दाखवू नकोस म्हणाले. उद्या पॅनेलची यादी लागणार. एकदा येऊन 'घे' म्हण आणि त्यांच्या हातून खायला लाव. तुझ्या पाया पडतो.

तुझा
विक्रम


केंदूर
१९ सप्टेंबर २०२५

विक्रम,

काल आनंदरावांच्या फार्महाऊसवर आले ती तुझ्यासाठी न्हाई आले. तुझ्याशी एक शब्द बोलले न्हाई, म्हणून हे लिहिते.

मला बघून पैलवान धावत आला न्हाई. जागचा उठला, शेपूट हलली, आन् पुन्हा खाली बसला. मी बोलावते का न्हाई ह्याची वाट बघत होता बिचारा. बरगड्या दिसाय लागल्यात त्याच्या. मी थाळी पुढं सरकवली, 'घे, लेकरा' म्हणाले, तवा कुठं त्यानं तोंड खाली घातलं. माझ्या शब्दासाठी मुकं जनावर उपाशी राहिलं, आन् माझ्या हातचं खाऊन मोठा झालेला तू!

मग तू म्हणालास, आता आनंदरावांच्या हातनं येकदा खाऊ घाल. पाच-पन्नास माणसं जमली होती. मी उठले, पदर खोचला, फाटकाबाहेर जाऊन ललिताच्या गाडीशी उभी राहिले आन् 'चल, लेकरा' म्हणाले. त्यानं आनंदरावांच्या माणसाच्या हातनं साखळी हिसकली आन् गाडीत उडी मारली. कुणी आडवं आलं न्हाई. आनंदराव पायरीवर उभे होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं न्हाई, तुझ्याकडं बघितलं. यादीत तुझं नाव न्हाई, हे पप्पूनं सांगितलं. मला त्याचा आनंद न्हाई आन् दुःखबी न्हाई.

मोनालीला आशीर्वाद. तिचा ह्यात काय दोष न्हाई.

भाऊबीजेला ये. आबांच्या घराचा रिवाज मी मोडायची न्हाई. ओवाळीन. पुरणपोळीचं ताट वाढीन.

फकस्त 'घे' म्हणायची न्हाई.

सुलक्षणा