दाराला टेकवलेलं पिनियन

महाल, नागपूर
१८ नोव्हेंबर १९८४

प्रिय इंदू,

तू या घरात आलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा ट्रे घेऊन येताना स्वयंपाकघराच्या दाराशी तुझा अंगठा ठेचकाळला होता, आठवतं? कपबश्या वाचवल्यास आणि मग खालीच बसलीस. अनंत हसत होता. हे लोखंडाचं काय आहे, असं तू विचारलंस. दाराला टेकवायचं, एवढंच मी म्हटलं. चहा निवत होता म्हणून पुढचं राहिलं. आज सांगते. आज घरात मी एकटीच आहे, आणि पोळ्याही दोनच लाटायच्या असतात.

परवा तुझे दादा यवतमाळहून येऊन गेले. चहा नको म्हणाले, आणि निघताना चपला घालता घालता तू हल्ली तिकडे शिकवतेस त्या शाळेतल्या चौधरी सरांचं नाव काढलं. त्यांनी तुला मागणी घातली, आणि तू 'आईंना विचारल्याशिवाय नाही' म्हणालीस. मला मात्र अजून विचारलं नाहीस. मी दादांना फाटकापर्यंत पोचवलं, मग मेथी निवडली. मला काहीच वाटलं नाही, इंदू. अनंतला कावीळ होऊन तो गेला तेव्हापासून असंच आहे. गोष्ट कानापर्यंत येते आणि तिथेच थांबते. म्हणून त्यांच्यापाशी उत्तर दिलं नाही.

ते लोखंड म्हणजे पिनियन. कोळशाच्या खाणीतल्या डंपरच्या मागच्या एक्सलमध्ये ते बसतं, आणि परातीएवढ्या एका दातेरी चक्राला फिरवतं. त्या चक्राला क्राउन म्हणतात. त्यातून चाकं चालतात. खाणीत रस्ता नसतो, नुसता दगड आणि चिखल, म्हणून तिथलं सगळं दणकट लागतं. हिंगणा रोडवरच्या आमच्या कारखान्यात हे एक्सल व्हायचे. चाकांकडे जाणारे दांडे भट्टीत लालभडक करून तेलात सोडत. त्या भट्टीवर तुझे सासरे फोरमन होते. घरी आले की शर्टाला जळक्या तेलाचा वास असायचा, आणि मला तो आवडायचा. एका सकाळी दाढी करता करता ते खाली बसले, ते उठले नाहीत. अनंत तेव्हा दुसरीत होता. कंपनीनं त्यांच्या जागी मला नोकरी दिली. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली म्हणून ऑफिसात घेतील असं वाटलं होतं, पण तिथे जागा नव्हती. मला जोडीच्या खोलीत बसवलं. माझ्यासारखीच नवऱ्याच्या जागी लागलेली रंभाबाई तिथे आधीपासून होती.

जोडीच्या खोलीत एक पिनियन आणि एक क्राउन घासणीचा मसाला घालून मशीनवर एकमेकांवर फिरवायचे. दातांना दातांची सवय लागावी म्हणून. मग दात पुसून त्यांना शेंदूर लावायचा आणि हातानं फिरवून पाहायचं. जिथे दात टेकतो तिथे डाग उमटतो. डाग मधोमध आला की जोडी जमली. मग दोघांवर एकच नंबर कोरायचा आणि तारेनं बांधून टाकायचं. नंतर एक गेलं तर दुसरं कितीही चांगलं असो, भंगारात. असा नियम होता.

शेंदूर अगदी पातळ लावावा लागतो. शाळेत सिस्टर बर्नाडेटनी जलरंगाचा हात शिकवला होता, तोच मी तिथे वापरला. रंभाबाई म्हणायची, "बाई, तू तं दाताले पावडर लावून राहिली वं, जसा त्याचा फोटोच काढाचा हाये!" दोघी विधवा, आणि दिवसभर हात लाल. सुटीच्या वेळी रॉकेलनं धुवून मी बस पकडायची, तरी नखांत राहायचंच. यमुताई, तुझ्या आजेसासूबाई, ताट वाढताना माझ्या नखांकडे पाहत.

दाराशी आहे त्या पिनियनचं क्राउन बसवतानाच साखळीतून सुटून पडलं आणि तडकलं. याला ओरखडाही नव्हता. मला ते भंगारात टाकवेना. साहेबांची चिठ्ठी घेऊन घरी आणलं. कारखान्याच्या फाटकावर पहारेकरी देवाजीनं पिशवी उचलून पाहिली. "काहून नेता बाई एवढं वझं?" मी म्हटलं, दार आपटतं.

पुढे एकदा उलटं झालं. एका जोडीच्या पिनियनचे दात उडाले, क्राउन मात्र ठणठणीत. उमरेडच्या खाणीत डंपर खोळंबला होता आणि नवी जोडी लवकर मिळणार नव्हती. टूलरूमचे रुपराव म्हणाले, याच क्राउनला नवं पिनियन लावून पाहू. साहेब नाही म्हणत होते, मग पाहा म्हणाले. मशीन सुरू केलं तर असा आवाज, की शेजारच्या खात्यातली माणसं दारात जमली. रुपराव कान झाकून उभे. रंभाबाई म्हणाली, "रडू द्या तिले. नवी हाये." आम्ही घासत राहिलो, पुसत राहिलो, शेंदूर लावत राहिलो. डाग आधी कडेला होता. संध्याकाळी तो मधे आला. तो एक्सल उमरेडला गेला आणि चालला. पुढे कितीतरी दिवस रुपराव तिथल्या ड्रायव्हरांना त्याची खुशाली विचारत.

त्याच रुपरावांनी एकदा पाण्याच्या नळापाशी मला लग्नाचं विचारलं होतं. सरळ, साध्या शब्दांत. मी नखांकडे पाहत राहिले. कुणाकडून तरी ते यमुताईंपर्यंत आलं. त्यांनी स्वयंपाकघराला आतून कडी घातली आणि त्या दिवशी जेवल्या नाहीत. मी दुसऱ्या दिवशी कामावर गेले. रुपराव पुढे भिलाईला गेले. मला कुणी वाईट वागवलं नाही. अनंत मोठा झाला, तू आलीस.

तर इंदू, परवानगी ही काही माझ्याकडे मागायची गोष्ट नाही. तरी तू मागणारच, म्हणून मागण्याआधी देते. चौधरी सरांना हो म्हण. सुरुवातीला आवाज होईल. तुझ्याकडच्यांचा, त्यांच्याकडच्यांचा, महालातल्या या गल्लीचाही. होऊ दे. या घराला कडी मी घालणार नाही. आता घरातलं कुणाला काय द्यायचं ते लिहिते, म्हणजे तू येऊन संकोचत बसायला नको. यमुताईंच्या पाटल्या तुझ्या. मी त्या कधी घातल्या नाहीत, तू लग्नात घाल. शिवणयंत्रही तुझंच, दादांना टेम्पो घेऊन पाठव. अनंतचं घड्याळ दादांना. त्याची सायकल रंभाबाईच्या मुलाला, लहानूला, तो जरीपटक्याहून पायी कामाला जातो. तुझ्या आणि अनंतच्या लग्नाचा फोटो माझ्याकडे राहू दे, तिकडे भिंतीवर नको. त्याची स्वेटरं मी अजून कपाटातून काढलेली नाहीत, ती काढायला मात्र तू ये. पिनियन कुणालाच नाही. ते इथेच हवं, थंडीत मागून वारा येतो आणि दार आपटतं. येशील तेव्हा पाय जपून टाक.

तुझीच,
आई